पुसलेली फाइल जाते कुठे?

काही वर्षांपूर्वी वार्षिक परीक्षेच्या दिवसांत आमच्या एका शिक्षकमित्राच्या हातून पेनड्राइव्हवरच्या गुणांच्या तीन फाइली पुसल्या गेल्या : पाचवी, सहावी आणि सातवीच्या. पेनड्राइव्हवरून पुसलेली फाइल सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही, त्यामुळे तिथे शोधूनही काही मिळाले नाही. पुढे खटपट करून पाचवी-सहावीच्या फाइली आम्ही परत मिळवल्या. सातवीची मात्र मिळाली नाही. असे का व्हावे?

हे समजून घ्यायला जुनी साडेतीन इंची फ्लॉपी बरी. तिचा सगळा कारभार नजरेत मावणारा होता. १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर २८८० कप्पे असत आणि एका कप्प्यात ५१२ बाइट मावत. समजा, आपली फाइल २००० बाइटची आहे. म्हणजे तिला चार कप्पे लागणार. पण ते कोणते, हे संगणकाला कसे कळे? त्यासाठी सुरुवातीच्या काही कप्प्यांत दोन प्रकारच्या नोंदी असत. एकीत फाइलचे नाव, आकार आणि पहिल्या कप्प्याचा क्रमांक. दुसरीत प्रत्येक कप्प्यापुढे त्याच्यानंतरचा कप्पा : ४० पुढे ४१, ४१ पुढे ४२. या दुसऱ्या तक्त्याला फॅट म्हणतात.

फाइल पुसताना संगणक नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी २२९ ही संख्या लिही आणि तक्त्यात त्या कप्प्यांपुढे शून्य मांडी. शून्य म्हणजे रिकामा. बस्स, एवढेच! कप्प्यांतल्या मजकुराला हातही लागत नसे. ‘पुसणे’ हा शब्दच इथे फसवा आहे. ग्रंथालयाच्या सूचीतले कार्ड फाडले, तरी पुस्तक कपाटातच असते, तसे हे.

१९९१ साली आलेल्या डॉस ५.० मध्ये ‘अनडिलीट’ ही आज्ञा होती. ती नावाचे हरवलेले पहिले अक्षर आपल्यालाच विचारी. पहिला कप्पा आणि आकार यांची नोंद शिल्लक असल्यामुळे लागोपाठचे चार कप्पे उचलले, की काम होई. फाइल विखुरलेली असली, तर मात्र पंचाईत. कारण दुवे शून्य झालेले. आजही अनेक पेनड्राइव्ह याच पद्धतीने चालतात, फक्त कप्पे मोठे असतात.

आता सातवीची फाइल. घाबरलेल्या आमच्या मित्राने फाइली परत मिळवून देणारा प्रोग्रॅम उतरवून घेतला, तो नेमका त्याच पेनड्राइव्हवर! ‘रिकाम्या’ कप्प्यांवर तो जाऊन बसला आणि खालचा मजकूर खरोखरच गेला. अशा वेळी पेनड्राइव्ह आधी काढून ठेवावा, प्रोग्रॅम दुसऱ्या डिस्कवर घ्यावा आणि सापडलेल्या फाइलीही दुसरीकडेच साठवाव्यात.

नव्या संगणकांतल्या एसएसडी डिस्कवर ही आशा फार कमी. तिथे ‘ट्रिम’ या सूचनेद्वारे संगणक रिकाम्या झालेल्या जागा डिस्कला कळवतो आणि डिस्क त्या स्वतःच साफ करून टाकते.

सातवीचे गुण शेवटी उत्तरपत्रिकांवरून पुन्हा भरावे लागले. गठ्ठे अजून शाळेतच होते, म्हणून दोन रात्रींत भागले.