उन्हातल्या हिशोबाचं घड्याळ

रावेर तालुक्यात केळीची कापणी सुरू असते तेव्हा हिशोब बांधावरच होतो. घड मोजले जातात, काट्यावर वजन होतं आणि मग ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "भाऊ, रास किती पडली?" एकूण वजनाला घडांच्या संख्येनं भागलं की रास निघते. १२,१५० किलो माल आणि ५४० घड, म्हणजे साडेबावीसची रास. त्यानंतर क्विंटलचा भाव, मजुरी, आधी घेतलेली उचल. हे सगळं भर उन्हात चालतं आणि हाताला केळीचा चीक लागलेला असतो. हा चीक कपड्याला लागला तर त्याचा काळपट डाग जन्मभर जात नाही. अशा हातानं मोबाईल काढायचा, काचेवर बोट उमटवायचं आणि उन्हात डोळे बारीक करून आकडा शोधायचा, हा खटाटोप ज्यानं केला आहे त्याला कॅलक्युलेटरचं डिजिटल घड्याळ हे जुन्या काळातलं खेळणं वाटणार नाही.

माझं म्हणणं असं आहे, की खानदेशातल्या शेतात, बाजार समितीत आणि किराणा दुकानात रोज वापरायला हे घड्याळ आजही कामाचं यंत्र आहे. मात्र ते निवडताना आपलं ऊन हिशोबात धरलं पाहिजे. कारण या घड्याळाची सगळ्यात मोठी ताकद उन्हात दिसते आणि सगळ्यात मोठा दुबळेपणाही उष्णतेतच उघडा पडतो.

आधी ताकद. मोबाईलचा पडदा स्वतःचा प्रकाश बाहेर टाकतो. दुपारच्या सूर्यापुढे तो प्रकाश फिका पडतो, म्हणून पडदा उजळवावा लागतो, फोन तापतो आणि फार तापला की स्वतःला वाचवायला पडदा पुन्हा मंद करतो. घड्याळाचा द्रव-स्फटिकाचा, म्हणजे एलसीडी पडदा प्रकाश तयारच करत नाही. १९७० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मार्टिन शाड्ट आणि वोल्फगांग हेल्फरिश यांनी शोधलेल्या रचनेवर तो चालतो. ध्रुवण करणाऱ्या दोन पट्ट्या एकमेकींना काटकोनात ठेवलेल्या असतात. तशा पट्ट्यांतून एरवी प्रकाश पार होत नाही. पण मध्ये भरलेल्या द्रवाचे लांबट रेणू गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखे थोडेथोडे वळत जातात आणि प्रकाशालाही आपल्याबरोबर नव्वद अंशांत वळवतात. वळलेला प्रकाश दुसऱ्या पट्टीतून सुटतो, मागच्या परावर्तकावर आपटून परत येतो आणि पडदा फिकट राखाडी दिसतो. आकड्याच्या एखाद्या दांडीला वीज दिली की तिथले रेणू उभे राहतात, वळण मोडतं, प्रकाश अडतो आणि ती दांडी काळी दिसते. बाहेरचा प्रकाश जितका जास्त, तितका आकडा ठळक. चैत्र-वैशाखातलं ऊन या पडद्याच्या मदतीलाच येतं.

याच रचनेमुळे वीजही नगण्य लागते. सीआर २०१६ हा लिथियमचा गोल सेल घ्या. नावातच त्याचं माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी १.६ मिलिमीटर. त्यात साधारण ९० मिलिअँपिअर-तास इतका विद्युतभार असतो. कॅसिओच्या सीए-५३ या कॅलक्युलेटर घड्याळात तो सुमारे पाच वर्षं पुरतो असं कंपनी सांगते. पाच वर्षांचे जवळपास ४३,८०० तास. भागाकार केला तर घड्याळ सरासरी दोन मायक्रोअँपिअर विजेवर जगतं, म्हणजे एका अँपिअरचे दहा लाख भाग करून त्यातले दोन. ज्या भागात पंपाची वीज कधी दिवसा तर कधी रात्री येते, तिथे पाच वर्षं चार्जरची आठवण न काढणारं यंत्र मला फार मोलाचं वाटतं.

सुरुवातीला असं नव्हतं. १९७५ च्या अखेरीस अमेरिकेत पल्सारचं पहिलं कॅलक्युलेटर घड्याळ आलं ते लाल एलईडी आकड्यांचं. त्या आकड्यांना इतकी वीज लागे, की पडदा कायम चालू ठेवणं परवडत नसे. वेळ बघायलाही बटण दाबावं लागे. सोन्याच्या आवृत्तीची किंमत होती ३,९५० डॉलर. १९७७ मध्ये हेवलेट-पॅकार्डनं एचपी-०१ काढलं. त्याच्या कळा इतक्या बारीक होत्या, की त्या दाबायची छोटी काडी पट्ट्याच्या कडीतच बसवून दिली होती. सामान्य माणसाच्या मनगटावर हे यंत्र आलं ते १९८० मध्ये, कॅसिओच्या सी-८० मुळे. त्याच्या कळा बोटानं दाबता येत होत्या. ही कंपनी मुळात हिशोबाच्या यंत्रांचीच. १९५७ मध्ये तिनं विकलेला १४-ए हा विद्युत कॅलक्युलेटर १४० किलोचा होता आणि टेबलाएवढी जागा घ्यायचा. त्यानंतर तेवीस वर्षांत हिशोब मनगटावर मावला.

आता दुबळेपणा. मे महिन्यात रावेरचा पारा ४५ च्या पुढे जातो. सावलीत ४५ म्हणजे काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत सहज ६०. साधारण ६० ते ७० अंशांच्या आसपास साध्या पडद्यातल्या द्रवाचे रेणू शिस्त सोडतात. जिना मोडला की प्रकाश वळत नाही आणि अख्खा पडदा काळा पडतो. घड्याळ गेलं असं समजून घाबरू नये. सावलीत थंड झालं की आकडे परत येतात. पण हे वारंवार झालं तर ध्रुवणाच्या पट्ट्या खराब होतात, पडदा पिवळट किंवा डागाळलेला दिसू लागतो, आणि सेलही लवकर उतरतो. त्यामुळे घड्याळ डॅशबोर्डवर किंवा पत्र्याच्या शेडमधल्या खिडकीत ठेवू नये. मनगटावर ते जास्त सुखरूप राहतं.

मनगटावर ते वेळही बरी दाखवतं, याचं कारण क्वार्ट्झच्या स्फटिकात आहे. आत दोन दांड्यांचा इवलासा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा दोनाचा पंधरावा घात आहे. पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, आणि तोच आपला सेकंद. हा स्फटिक २५ अंशांच्या आसपास सगळ्यात जलद चालतो. त्याहून गरम झालं तरी मंदावतो, गार झालं तरी मंदावतो. नियम सोपा आहे. २५ अंशांपासून तापमान जितकं दूर, त्या फरकाचा वर्ग करायचा आणि ०.०३४ नं गुणायचं. उत्तर म्हणजे दहा लाख सेकंदांमागे घड्याळ किती सेकंद मागे पडेल.

हा हिशोब त्याच घड्याळावर करून पाहण्यासारखा आहे. ४५ अंशांत फरक २० चा. २० गुणिले २० गुणिले ०.०३४, बरोबर १३.६. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी गुणून दहा लाखांनी भागलं की १.१७५०४ येतात. म्हणजे टेबलावर तापत पडलेलं घड्याळ दिवसाला सव्वा सेकंदाच्या जवळपास मागे पडतं, महिन्याला पस्तीसेक सेकंद. तेच हातात बांधलं तर अंगाच्या स्पर्शानं ते ३० अंशांच्या आसपास राहतं आणि मागे पडणं दिवसाला सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी होतं. सीए-५३ साठी कंपनी महिन्याला ३० सेकंदांपर्यंतची चूक गृहीत धरते. उन्हाळ्यात काढून ठेवलेल्या घड्याळाची चूक याहून वाढली तर दोष घड्याळाचा नाही. आपलं यंत्र आपलीच चूक मोजून दाखवतं, हे शाळेतल्या मुलांना करून दाखवावं. वर्गाचा उपयोग काय, हा प्रश्न ती पुन्हा विचारणार नाहीत.

दुकानात घड्याळ हातात आलं की ते तपासायचा माझा आवडता गुणाकार आहे १२३४५६७९ गुणिले ८. मधला आठ गाळलेला आहे हे लक्षात घ्या. उत्तर ९८७६५४३२ यायला हवं. यात शून्य सोडून सगळ्या अंकांच्या कळा एकदा दाबल्या जातात आणि एकही कळ नीट उठत नसेल किंवा दोनदा लागत असेल तर उत्तर लगेच फसतं. त्यानंतर ११११११११ गुणिले ८ करावं. पडद्यावर आठ आठ उमटतात, म्हणजे प्रत्येक आकड्याची सातही दांडकी पेटली पाहिजेत. एखादी दांडी फिकी असेल तर ते घड्याळ परत द्यावं, कारण आठाचा सहा वाचला गेला तर पट्टीवर हजारोंचा फरक पडतो.

आठ आकडे पुरतात का? ९,९९,९९,९९९ पर्यंत पुरतात, म्हणजे दहा कोटींना एक कमी. २०२१ मध्ये तांदलवाडीच्या केळीची २२ टनांची खेप दुबईला गेली होती. २२ टन म्हणजे २२० क्विंटल. भाव समजा १,८५० रुपये धरला तर ४,०७,०००, सहाच आकडे. बऱ्हाणपूरच्या लिलावातला कितीही चढा भाव घातला तरी एका शेतकऱ्याचा हिशोब या पडद्याबाहेर जाणार नाही. पडद्यात न मावणारं उत्तर आलं तर इंग्रजी ई हे अक्षर दिसतं. शून्यानं भागलं तरी तेच दिसतं. आपल्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं मठ काढल्याचा १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांनी शून्यानं भागलेल्या राशीला खहर म्हटलं आणि तिला अनंत मानलं. मनगटावरचं यंत्र मात्र तिथे हात टेकतं.

आणखी दोन खोडी माहीत हव्यात. साधा कॅलक्युलेटर डावीकडून उजवीकडे, दाबू तसा हिशोब करतो. २ अधिक ३ गुणिले ४ दाबलं की तो २० सांगेल, शाळेतल्या नियमानं उत्तर १४ आहे. म्हणून आधी गुणाकार करून मगच बेरीज करावी. आणि १ ला ३ नं भागून पुन्हा ३ नं गुणलं तर एक येत नाही, ०.९९९९९९९ येतो, कारण आठ घरांबाहेरचे आकडे तो टाकून देतो. रुपयांच्या हिशोबात यानं काही बिघडत नाही, पण भागाकार शेवटी ठेवण्याची सवय चांगली. सव्वाकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ असलेले जुने व्यापारी हे न सांगता करतात.

निवडताना मी सगळ्यात आधी कळा बघेन. सीए-५३ वर पडद्याखाली सोळा कळांचा चौकोन आहे: दहा अंक, दशांश चिन्ह, चार क्रिया आणि बरोबर. त्या नखानं दाबाव्या लागतात. कुदळ-विळ्यावर काम करून जाड झालेल्या बोटांना ते जड जातं, म्हणून विकत घेण्याआधी आपल्याच बोटानं दहा मिनिटं हिशोब करून बघावा. कळांखाली रबर असतं. ते दबलं की खालच्या तारा जोडल्या जातात. बोट ओलं असो वा चिकट, त्यानं काही अडत नाही, आणि हाच मोबाईलच्या काचेपेक्षा त्यांचा मोठा फायदा. दुसरं, दिवा. सीए-५३ ला दिवा नाही. रात्री पाणी द्यायला जाणाऱ्यानं डेटा बँक मालिकेतलं दिव्याचं घड्याळ बघावं, कारण दुपारी ठळक दिसणारा पडदा अंधारात अजिबात दिसत नाही. ध्रुवण करणारा गॉगल वापरत असाल तर तो घालूनच घड्याळ पाहा. काही कोनांत आकडे पूर्ण गायब होतात.

वॉटर रेझिस्ट एवढंच लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ शिंतोडे आणि घाम चालेल, विहिरीतली बुडी चालणार नाही. पाण्याखाली कळ दाबली तर पाणी आत जातं. फवारणी करताना घड्याळ काढूनच ठेवावं, औषधातल्या द्रावकांनी प्लॅस्टिक आणि काच दोन्ही खराब होतात. पट्टा रेझिनचा असला तर घामाची चिंता नाही, पण काही वर्षांनी तो कडक होऊन तुटतो, तेव्हा सुटा पट्टा मिळतो का हे आधी विचारावं. धातूचा पट्टा दिसायला छान, पण आपल्या उन्हात चटका देतो.

सेल बदलताना एक गोष्ट मात्र अत्यंत गंभीरपणे घ्यावी. जुना सेल घरात इकडेतिकडे टाकू नये. २० मिलिमीटरचा लिथियम सेल लहान मुलानं गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू लागतं. सेल संपलेला असला तरी हा धोका उरतो. गिळल्याचा नुसता संशय आला तरी मुलाला लगेच रुग्णालयात न्यावं, वाट बघू नये.

विद्यार्थ्यांसाठी घेत असाल तर सरावाला ते जरूर वापरू द्या, पण परीक्षेच्या दिवशी ते घरी राहील. बोर्डाच्या परीक्षेत कॅलक्युलेटर चालत नाही आणि नीटसारख्या परीक्षेत कोणतंच घड्याळ आत नेता येत नाही. रावेर स्टेशनवरून भुसावळ किंवा खंडव्याच्या गाड्या पकडणाऱ्यांनी वेळ चोवीस तासांच्या पद्धतीवर लावावी, रेल्वेच्या वेळापत्रकाशी ती थेट जुळते. आणि सीए-५३ सारख्या घड्याळात वर्षाची नोंदच नसते. फेब्रुवारी ते २८ दिवसांचाच धरतं. २०२८ मध्ये २८ फेब्रुवारीच्या रात्री ते सरळ १ मार्चवर उडी मारेल, तेव्हा सकाळी उठल्यावर तारीख हातानं २९ करून घ्यावी लागेल.