वयाचा शिक्का आणि बंदीचा हुकूम

2019 च्या फेब्रुवारीत गोव्याचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी ‘पबजी’ या मोबाइलवरील खेळाला घराघरांत शिरलेला राक्षस म्हटले. सरसकट बंदी त्यांना नको होती. कायद्याने आळा मात्र हवा होता. पुढे 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने हा खेळ बंद केला, पण कारण दिले ते देशाच्या सुरक्षिततेचे. मुलांच्या वयाचा प्रश्न होता तेथेच राहिला.

बंदी वस्तूच नाहीशी करते. वर्गीकरण ती कोणासाठी आहे एवढेच सांगते. चित्रपटाला 1952 च्या कायद्यान्वये प्रमाणपत्र लागते, आणि 2023 च्या दुरुस्तीने त्यात 7, 13 व 16 वर्षे अशा पायऱ्या घातल्या. व्हिडिओ खेळ त्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. मोबाइलवर खेळाशेजारी वयाचा जो आकडा दिसतो, तो बहुधा निर्मात्यानेच भरून दिलेल्या प्रश्नावलीवरून ठरतो! शिवाय तोही सर्वत्र सारखा नसतो. याच पबजीला अमेरिकेतील मंडळाने 13 वर्षांची मर्यादा घातली, युरोपातील मंडळाने 16 ची.

डिचोली-पेडण्याकडील कित्येक घरांत आईचाच मोबाइल मुलाच्या हाती असतो. त्यावर वय नोंदलेले असते आईचे. मग तो शिक्का अडविणार कोणाला? बंदीपेक्षा वर्गीकरण मला अधिक शहाणपणाचे वाटते, परंतु ते वाचणारे कोणी घरात हवे. पालकसभेत हे सांगितले की पहिला प्रश्न येतो, “हा आकडा असतो तरी कोठे?” खेळ उतरवून घेण्याच्या पानावर, नावाच्या खालीच.