पोर्तुगालची वाइन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोव्याहून परतणाऱ्या गाडीत काजूच्या पाकिटांशेजारी हमखास एक बाटली असते. आत गडद लाल, गोडमिट्ट वाइन आणि लेबलवर ‘पोर्ट’ हा शब्द. गोव्यावर पोर्तुगिजांनी साडेचारशे वर्षं राज्य केलं, तेव्हा ही त्यांचीच वाइन असणार, असं आपण धरून चालतो. मग ज्याला ती आवडत नाही, तो पोर्तुगालच्या सगळ्याच वाइनवर फुली मारतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण युरोपातल्या सगळ्यात वेगळ्या चवींच्या वाइन याच छोट्या देशात होतात.

खरी पोर्ट एकाच जागी पिकते: उत्तर पोर्तुगालमधल्या दोरु नदीच्या खोऱ्यात. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये तिची मागणी वाढली, तशी भेसळही वाढली. रंग गडद दिसावा म्हणून एल्डरबेरीचा रस मिसळला जाई. त्यावर १७५६ मध्ये मार्किस द पोंबाल या पंतप्रधानाने खोऱ्याची हद्दच आखून टाकली. हद्दीवर ग्रॅनाइटचे तीनशेहून अधिक खांब रोवले गेले; त्यातले काही आजही उभे आहेत. वाइनच्या प्रदेशाला कायद्याने सीमा आणि नियम घालून देण्याच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक. गोव्याच्या दमट हवेत वाइनची द्राक्षं पिकत नाहीत. तिथली ‘पोर्ट’ आवडीने प्यावी, पण तिच्यावरून दोरुची परीक्षा करू नये.

‘पोर्टमध्ये साखर घालतात’ हा त्याच्याच जोडीचा समज. पोर्टमधला गोडवा द्राक्षाचाच असतो. रस आंबायला लागला की यीस्ट साखर खाऊन त्याचं अल्कोहोल करतं. पोर्ट करणारे हे काम दोन-तीन दिवसांतच, निम्मीअर्धी साखर शिल्लक असताना थांबवतात. त्यासाठी आंबत्या रसात ७७ टक्के अल्कोहोलची द्राक्षाचीच दारू ओततात. परंपरेने ५५० लिटरच्या पिंपाला ४३५ लिटर रस आणि ११५ लिटर दारू असा हिशोब सांगतात. एवढ्या अल्कोहोलमध्ये यीस्ट मरतं, साखर तशीच राहते, आणि वाइन साधारण २० टक्क्यांवर येऊन थांबते. म्हणून पोर्ट जेवणाबरोबर पेल्यावर पेला पिण्याची वाइन नव्हे. जेवणानंतर छोट्या ग्लासात, चीज किंवा अक्रोडाबरोबर ती खुलते.

पोर्टो शहरातून पूल ओलांडला की व्हिला नोव्हा द गाया लागतं. पिकवायची खोऱ्यात आणि मुरवायची इथे, कारण खोऱ्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो आणि गायाला समुद्राची थंड हवा आहे. पूर्वी पिंपं राबेलो नावाच्या सपाट बुडाच्या होड्यांतून नदीने येत. पुढे धरणं झाली आणि ती वाहतूक थांबली. आता त्या होड्या धक्क्याला शोभेपुरत्या बांधलेल्या असतात. गायाच्या कुठल्याही गोदामात चव घ्यायला बसलात तर पोर्टचे दोन प्रकार, एक रूबी आणि एक वीस वर्षांची टॉनी, शेजारी शेजारी मागवा. दोन्ही ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपे धरा. रूबी काठापर्यंत जांभळट लाल असते आणि वासाला चेरी, जांभूळ. टॉनीचा काठ विटकरी, जवळजवळ मधाच्या रंगाचा असतो. तिला वास येतो तो अक्रोडाचा, सुक्या अंजिराचा, संत्र्याच्या सालीचा. पिकलं होतं ते बहुधा एकाच तऱ्हेचं द्राक्ष. रूबी मोठ्या टाक्यांत राहिली, हवेपासून जपलेली. टॉनी छोट्या लाकडी पिंपात राहिली, वर्षानुवर्षं फळीतून झिरपणारी हवा घेत. बाटलीवर वाचून हे कळत नाही. दोन घोटांत कळतं.

इथेच आणखी एक समज गळून पडतो, की वाइन जितकी जुनी तितकी चांगली. टॉनीचं जे मुरायचं ते पिंपातच मुरून झालेलं असतं. बाटलीत भरल्यावर ती आणखी सुधारत नाही, म्हणून कपाटात वीस वर्षं जपून काही मिळत नाही. लेबलवरचं ‘२०’ म्हणजे ती बरोब्बर वीस वर्षांची, असंही नाही. वेगवेगळ्या सालांच्या वाइन मिसळून त्या वयाचे गुण आणलेले असतात आणि चव पाहणाऱ्यांच्या अधिकृत समितीने ते मान्य केलेले असतात. याउलट व्हिंटेज पोर्ट. ती फक्त चांगल्या सालात जाहीर होते, दोन-तीन वर्षांत बाटलीत जाते आणि तिथे दशकानुदशकं बदलत राहते. तिचा गाळ तळाशी बसतो, म्हणून ती हळूच दुसऱ्या भांड्यात गाळून घ्यावी लागते. एकदा उघडली की दोन दिवसांत संपवावी. टॉनी महिनाभर टिकते.

पोर्टबद्दल एवढं लिहिलं, तरी आज दोरुच्या त्याच उतारांवर गोड नसलेल्या, जेवणाबरोबरच्या उत्तम लाल आणि पांढऱ्या वाइनही होतात. १९५२ सालच्या ‘बार्का व्हेल्या’ या वाइनने त्याची सुरुवात करून दिली, असं मानतात. त्या उतारांपर्यंत जायला पोर्टोच्या साओ बेंतो स्टेशनातून पिन्याओला जाणारी गाडी पकडावी. प्रवास अडीच तासांच्या आसपास. उजव्या खिडकीशी बसावं. अर्ध्या वाटेनंतर रूळ नदीला लागतात आणि पिन्याओपर्यंत पाणी सोडत नाहीत. समोर शिस्ट नावाच्या पापुद्र्याच्या दगडात खोदलेल्या पायऱ्या पायऱ्यांच्या बागा असतात. वेलींची मुळं त्या दगडाच्या फटींतून पाण्यासाठी खोल जातात. पिन्याओ स्टेशनच्या भिंतींवर निळ्या टाइल्समध्ये द्राक्षतोडणीची चित्रं आहेत, ती पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. मोटार भाड्याने घ्यायचा मोह टाळलेला बरा. रस्ते वळणांचे आहेत आणि कायद्याची मर्यादा रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम अल्कोहोलची. चव पाहून घोट थुंकणं तिथे असभ्य मानत नाहीत. त्यासाठी भांडं ठेवलेलंच असतं, ते मागायला लाजू नये.

‘विन्यो व्हेर्द म्हणजे हिरवी वाइन’ हा समज पर्यटकांत सर्रास आढळतो. खरं तर विन्यो व्हेर्द हा एका प्रदेशाचा दर्जा आहे. देशाचा वायव्य कोपरा, अटलांटिकचा पाऊस, ग्रॅनाइटची जमीन. १९०८ मध्ये त्याची हद्द ठरली. तिथे पांढरी, गुलाबी आणि लाल अशा तिन्ही वाइन होतात. लाल तर विन्याओ जातीच्या द्राक्षाची, जवळपास शाईच्या रंगाची आणि चांगलीच आंबट. गावाकडे ती पांढऱ्या वाडग्यातून पितात. नाशिक-सांगलीच्या बागाईतदाराला या भागातलं एक दृश्य ओळखीचं वाटेल: डोक्यावर मांडव घालून चढवलेल्या वेली. तिथे हेतू दुहेरी होता, ओल्या जमिनीपासून घड वर ठेवायचे आणि खाली मका, कोबी लावायचा. नव्या बागांत आता तारेवरची मांडणी जास्त दिसते. ‘ती हलकी, फसफसणारी, लगेच संपवायची वाइन’ ही ओळखही अपुरीच. स्वस्त बाटल्यांबाबत ती खरी आहे, बहुतेकांत कार्बन डायऑक्साइड वरून सोडलेला असतो. पण स्पेनच्या सीमेवरच्या मोंसाओ आणि मेल्गासू भागातली आल्व्हारिन्यो चाखून पाहा. चांगल्या हातची असेल तर ती आठ-दहा वर्षं सहज चढत जाते. मासे आवडणाऱ्या माणसाने पोर्तुगालची सुरुवात पोर्टने न करता इथून करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

नावं अनोळखी म्हणून वाइन हलकी, असाही एक समज असतो. पोर्तुगालमध्ये द्राक्षाच्या अडीचशेच्या वर देशी जाती आहेत आणि जुन्या दोरु बागांत त्यातल्या वीस-तीस एकाच शेतात मिसळून लावलेल्या असतात. एकत्र तोडून, एकत्र आंबवतात. आपल्याकडे मिश्रण म्हटलं की भेसळ आठवते, पण इथे ते मुद्दाम केलेलं असतं. एका जातीला पाऊस नडला तर दुसरी तारून नेते. दाँव प्रदेशातली तोरिगा नासिओनाल, बैरादातली तुरट ‘बागा’ (शेजारी भाजलेलं डुकराचं पिल्लू असलं की तिचा तुरटपणा कामी येतो), लिस्बनजवळच्या कोलारिशची रामिश्को, या जातींना फ्रेंच नावं नाहीत एवढंच. कोलारिशच्या बागा वाळूत आहेत. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीने युरोपभरच्या वेली मुळापासून संपवल्या, पण वाळूत तिला शिरता येईना. त्यामुळे तिथल्या वेली आजही कलम न करता स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. त्या लावण्यासाठी वाळूत खोल चर खणावा लागे आणि खणणारे डोक्यावर टोपली घेत, वाळू कोसळलीच तर श्वास घेता यावा म्हणून.

दक्षिणेला अलेंतेजोत गेलात की बुचाची झाडं दिसतात. बाटलीच्या बुचासाठी झाड तोडतात, असं अनेकांना वाटतं. तोडत नाहीत, साल सोलतात. झाड पंचवीस वर्षांचं झालं की पहिल्यांदा, मग दर नऊ वर्षांनी. बाटलीच्या बुचाजोगी साल तिसऱ्या सोलणीत मिळते, म्हणजे झाड लावणाऱ्याच्या पुढच्या पिढीला. सोललेल्या लालसर खोडावर रंगाने एक आकडा लिहिलेला असतो. तो साल सोलल्याच्या वर्षाचा शेवटचा अंक, पुढची नऊ वर्षं मोजायला. जगातलं निम्मं बूच या एका देशातून येतं. याच भागात मातीच्या मोठ्या रांजणांत वाइन करण्याची रोमन काळापासूनची पद्धत टिकून आहे आणि ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, ते रांजण उघडतात.

शेवटचा समज उष्णतेचा: गरम झालेली वाइन गेली म्हणून समजा. एरवी अगदी खरं, पण मदेरा बेटावरची वाइन त्याला अपवाद, आणि त्यात भारताचाही वाटा आहे. भारताकडे निघालेली गलबतं मदेराला थांबून पिंपं भरून घेत. विषुववृत्त ओलांडून परत आलेलं पिंप निघालेल्या पिंपापेक्षा चवीला सरस लागतं, हे व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं आणि फेरी मारून आलेल्या वाइनला जास्त भाव मिळू लागला. आता स्वस्त मदेरा टाकीत किमान तीन महिने ४५ ते ५० अंशांवर तापवतात. चांगली मदेरा उन्हाने तापणाऱ्या माळ्यावर, पिंपात, वर्षानुवर्षं ठेवतात. आधीच एवढं सोसल्यामुळे उघडलेली बाटलीही कित्येक महिने बिघडत नाही.

परतताना भारतात प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं, म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या. माझी निवड ठरलेली आहे: एक वीस वर्षांची टॉनी आणि एक मदेरा. दोन्ही उघडल्यावर टिकतात आणि पुण्या-मुंबईच्या घरात, पाहुणे येतील तशा, थोड्या थोड्या पुरवता येतात.