एका इंचात सहा फूट

शेतात खुरपणी चालू असताना डोक्यावरून विमान गेले की हातातले काम क्षणभर थांबते. मुले तर त्याचा ठिपका दिसेनासा होईपर्यंत माना वर करून बघत राहतात. अशाच एखाद्या मुलाने किंवा मुलीने उद्या तुमच्याकडे विमानाच्या किटचा हट्ट धरला, तर ‘हे शहरातल्यांचे चोचले’ म्हणून त्याला गप्प बसवू नका. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून, घासून, रंगवून खऱ्या विमानाची हुबेहूब लहान प्रतिकृती करायची, असा हा छंद आहे. ही विमाने उडत नाहीत, कपाटात नुसती उभी असतात. पण ती करताना हाताला आणि नजरेला जे वळण लागते, ते जन्मभर पुरते. आणि तुम्हाला नवल वाटेल, पण या धंद्यातल्या एका नामवंत कंपनीची सुरुवात विमानाने नव्हे, तर ट्रॅक्टरने झाली!

आधी ट्रॅक्टर, मग विमान

इंग्लंडमधील एअरफिक्स ही कंपनी १९३९ मध्ये निकोलस कोव्ह या हंगेरीहून आलेल्या गृहस्थाने काढली. आधी ती हवा भरायची रबरी खेळणी करी, युद्धानंतर प्लॅस्टिकचे कंगवे करू लागली. १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरवाल्यांनी आपल्या टीई-२० ट्रॅक्टरची लहान प्रतिकृती तिच्याकडून करून घेतली. विक्रेत्यांनी ती गिऱ्हाइकाला दाखवायची, एवढाच हेतू. पण एकेक ट्रॅक्टर हाताने जोडणे महाग पडते, हे ध्यानात आल्यावर कंपनीने सुटे भागच विकायला काढले. जोडणी ज्याची त्याने घरी करावी! पुढे १९५२ मध्ये जहाज आले, मग थोड्याच वर्षांत विमान आले आणि जगभरच्या मुलांना वेड लागले.

आपल्या शिवारात दिसणाऱ्या लाल मॅसी फर्ग्युसनच्या नावातले फर्ग्युसन म्हणजे हेच हॅरी फर्ग्युसन. ट्रॅक्टरला मागे नांगर जोडून तो हायड्रॉलिकने उचलायची तीन टोकांची जोडणी त्यांनीच रूढ केली.

प्रमाण म्हणजे काय?

या छंदाचा सगळा जीव ‘प्रमाण’ या एका शब्दात आहे. लहान विमानांसाठी सर्वांत रुळलेले प्रमाण म्हणजे बहात्तरास एक. खऱ्या विमानाचे सहा फूट म्हणजे प्रतिकृतीचा एक इंच. सहा फूट म्हणजे बहात्तर इंच, म्हणून हा आकडा. सहा फुटी गडी या प्रमाणात एक इंचाचा होतो.

आपल्या हिशेबाने सांगायचे तर गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. या प्रमाणात अख्खा गुंठा साडेपाच इंचांच्या चौकोनात मावतो. आता हरिकेन नावाचे दुसऱ्या महायुद्धातले लढाऊ विमान घ्या. त्याचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ४० फूट. खरे हरिकेन गुंठाभर जागेत मधोमध उभे केले, तर दोन्ही पंख साडेतीन-साडेतीन फूट बांधाबाहेर जातील. आणि त्याची प्रतिकृती? पावणेसात इंचांहून किंचित कमी. ओंजळीत मावेल एवढी.

इथेच खरी मेख आहे. वस्तू बहात्तर पट लहान झाली, की चूक बहात्तर पट मोठी होते. पंखाची मागची कडा एक मिलिमीटर जाड राहिली, तर ती खऱ्या विमानावर सात सेंटिमीटर, म्हणजे चांगली चार बोटे जाड झाली! असे विमान कोणी पाहिले आहे का? बघणाऱ्याला आकडा सांगता येत नाही, पण ‘हे खेळण्यासारखे दिसते’ एवढे त्याला लगेच कळते. दोन कारागिरांनी एकच किट जोडले तरी एकाचे खेळणे होते आणि दुसऱ्याचे विमान होते, ते याच मिलिमीटरमुळे.

हा नुसता खेळ नव्हे

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली. पुढच्याच वर्षी तिथल्या नौदलाने देशभरच्या शाळांतील मुलांकडून विमानांच्या पाच लाख प्रतिकृती मागवल्या. आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे सैनिकांना चटकन ओळखता यावे, म्हणून. त्या प्रतिकृतींचे प्रमाणही बहात्तरास एकच होते. ३५ फुटांवर टांगलेली अशी प्रतिकृती तेवढीच दिसते, जेवढे खरे विमान सुमारे पाऊण किलोमीटरवरून दिसेल. मुलांनी केलेली विमाने तपासून मगच घेतली जात. शेपटीचा आकार चुकला किंवा पंख वाकडा बसला, तर शिकणाऱ्याची नजर चुकणार, आणि नजर चुकली तर आपल्याच माणसावर गोळी सुटणार. शाळकरी पोराच्या हातातल्या कानशीला तेव्हा एवढे मोल होते.

पहिले विमान कोणते घ्यावे?

पहिल्यांदा मोठे, शेकडो भागांचे खोके घेऊ नका. अर्धवट राहिलेले मोठे विमान मुलाचा उत्साह मारते. बहात्तरास एक प्रमाणाचे, कमी भागांचे, एका इंजिनाचे विमान घ्या. हरिकेन त्यासाठी चांगले. आपल्या हवाई दलाच्या वैमानिकांनी ब्रह्मदेशच्या आघाडीवर ते चालवले आहे. त्याच्या पाठीवर हिरवे आणि मातकट तपकिरी पट्टे असतात, त्यामुळे नवख्या हाताची लहानसहान चूक त्यात लपते.

मुलांना मिग-२१ ची ओढ असते आणि ती साहजिक आहे. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात ही विमाने तयार झाली. १९६३ पासून हवाई दलात असलेले हे विमान सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाले. पण त्याचा चकचकीत चंदेरी रंग नवशिक्याला नडतो. चंदेरी रंगाखाली पॉलिश पेपरचा एकेक ओरखडा उठून दिसतो. ते विमान चौथे-पाचवे म्हणून राखून ठेवा.

काम कसे करावे?

किटमधले भाग प्लॅस्टिकच्या चौकटीला डहाळीला शेंगा लागाव्यात तसे लागलेले असतात. ते पिरगाळून तोडू नका, लचका निघतो. नेलकटरने थोडे दूर धरून कापा आणि उरलेला कोंब नंतर घासून काढा. त्याआधी सगळे भाग साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या तेलाचा अंश राहिला, तर रंग धरत नाही.

डिंक लावण्यापूर्वी प्रत्येक जोड कोरडाच बसवून पाहा. सुतार चौकट ठोकण्याआधी बसवून बघतो, तसेच. कॉकपिट, म्हणजे वैमानिक बसतो ती जागा, धडाचे दोन भाग जोडण्याआधीच रंगवून घ्यावी. नंतर तिथे ब्रश पोचत नाही.

या प्लॅस्टिकचा खास सिमेंट मिळतो. तो प्लॅस्टिकला जरासे विरघळवून दोन तुकडे एकजीव करतो. म्हणून थेंबभरच वापरावा, जास्त झाला तर भागच वितळतो. जोड घट्ट बसेपर्यंत रबर लावून किंवा कपड्यांच्या चिमट्यात धरून ठेवावा. काचेच्या भागाला मात्र हा सिमेंट लावू नका, काच धुरकट होते. तिथे सुतारकामाचा पांढरा फेविकॉल चांगला.

हरिकेनचे पंख सपाट नसतात, टोकाकडे किंचित वर उचललेले असतात. ओले असतानाच विमान समोरून, डोळ्यांच्या रेषेत धरून पाहा. दोन्ही टोके टेबलापासून सारखी उंच हवीत. तिफणीचे फण एका ओळीत आहेत की नाही हे तुम्ही जसे पाहता, अगदी त्याच नजरेने.

मग सांध्यात पुट्टी भरून, वाळल्यावर पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने घासा. नखाला सांधा लागेनासा झाला, की काम झाले. रंग नेहमी पातळ द्यावा. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात बरे. ज्या घरात रांगोळीचा किंवा मेंदीचा हात चांगला आहे, तिथे मुलींना ब्रश सांभाळायला शिकवावे लागत नाही.

शेवटी पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे. खडबडीत रंगावर ती चिकटवली तर खाली हवा राहून पांढुरकी दिसतात. म्हणून आधी चकचकीत वॉर्निशचा पातळ हात द्या, त्यावर चिन्हे लावा आणि मग बिनचकाकीच्या वॉर्निशने सगळे एकसारखे करा.

ऋतू आणि काळजी

आपल्याकडच्या हवेत एक गोष्ट पाळलीच पाहिजे. पावसाच्या झडीत घासकाम आणि जोडकाम खुशाल करा, रंग आणि वॉर्निश मात्र करू नका. दमट हवेत वॉर्निशवर पांढरी साय धरते. दिवाळीनंतरची कोरडी थंड हवा रंगकामाला उत्तम. उन्हाळ्यात तयार विमान पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका, पातळ पंख वाकतात. वाकलाच तर चटका बसेल इतपत गरम पाण्यात धरून हळूच सरळ करावा.

सिमेंट, थिनर आणि रंग यांचा वास छातीत जाऊ देऊ नका. खिडक्या उघड्या ठेवून किंवा ओसरीवर बसून काम करावे. चूल, कंदील, उदबत्ती यांपासून ही सामग्री लांब ठेवावी, ती पेट घेते. पाते आणि बाटल्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी कुलपात ठेवाव्यात.

हात सुधारतो कसा?

विमाने वाढली म्हणून हात सुधारतो असे नाही. त्याच चुका दहा विमानांत करणारेही असतात. यावर साधा उपाय आहे. दुधाचा हिशेब ठेवता तशी एक वही ठेवा. विमान पुरे झाले की त्यात तीनच गोष्टी लिहा: काय चांगले झाले, काय बिघडले, आणि पुढच्या विमानात कोणती एक गोष्ट सुधारायची. एकच! पहिल्यात सांधे दिसले, तर दुसऱ्यात सारे लक्ष सांध्यांवर. दुसऱ्यात रंग जाड झाला, तर तिसऱ्यात रंगावर. एकाच हंगामात सगळे बांध दुरुस्त होत नाहीत, तसेच हे.

दुसरी गोष्ट, किटच्या कागदापेक्षा खऱ्या विमानाच्या फोटोकडे जास्त पाहा. जमेल तेव्हा खरे विमान पाहा. गोव्याला जाणे झाले तर वास्कोजवळ बोगमाळोला नौदलाचे विमान संग्रहालय आहे. तिथे सी हॉक, अलिझे, सी हॅरियर अशी विमाने जवळून पाहता येतात. बघताना रंग कुठे उडाला, तेलाचे ओघळ कुठे गेले, हे टिपून घ्या. भरलेल्या ट्रॉलीचे टायर जमिनीशी जसे दबतात, तसेच विमानाचेही दबतात. प्रतिकृतीच्या चाकाचा तळ पॉलिश पेपरवर दोनदा ओढून सपाट केला, की त्या इवल्या विमानाला एकदम वजन येते.

रंगाचेही तसेच. जवळचे झाड गर्द हिरवे दिसते, पण त्याच झाडांनी भरलेला दूरचा डोंगर फिका, निळसर दिसतो. बहात्तरास एकचे विमान म्हणजे लांबून पाहिलेले विमान. म्हणून रंगात पांढऱ्याचा थेंब मिसळला, तर ते अधिक खरे वाटते.

आणि आईवडिलांनो, तुमच्यासाठी एकच सांगणे. मुलाचे पहिले विमान वाकडे होणार. ते तुम्ही हातात घेऊन नीट करू नका आणि पाहुण्यांसमोर त्याला नावेही ठेवू नका. कपाटात राहू द्या. पाचवे विमान त्याच्याशेजारी उभे राहील, तेव्हा आपण कुठून कुठवर आलो, हे मूल स्वतःच्याच डोळ्यांनी पाहील.