इमारतीआधी पाण्याचा हिशेब

मोशीत इंद्रायणीच्या बाजूला नवी गृहसंकुलं उभी राहताहेत. 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम असेल, तर 2006च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. त्या छाननीत सर्वांत मोलाचा, माझ्या मते, पावसाच्या पाण्याचा हिशेब.

एक हेक्टर जागेवर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला, की 5 लाख लिटर पाणी झालं. मोकळ्या रानातून त्यातलं ढोबळमानाने 30 टक्के वाहून जातं. गच्च्या, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक आले की 90 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दीड लाखाचे साडेचार लाख लिटर! हा वाढावा साठवण टाकीत थोपवून हळूहळू सोडायचा असतो. नुसत्या शोषखड्ड्यांवर भिस्त ठेवू नये, कारण खाली काळा बेसॉल्ट आहे आणि त्यात पाणी मुरतं ते मुख्यतः भेगांतून.

मग पूररेषा. निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, म्हणजे दरवर्षी 4 टक्के शक्यता. शेजारच्या चिखलीत या रेषेच्या आत बांधलेले 36 बंगले महापालिकेने मे 2025मध्ये पाडले. ते पाडण्याचा हरित न्यायाधिकरणाचा आदेश सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवला होता.

मोशीत घर घेताना मंजुरीचं पत्र, पूररेषेचा नकाशा आणि पावसाळी गटारांचा आराखडा मागून घ्याच.