शिष्य गेले, बुवा वाजवीत राहिले

गेल्या जूनमधली गोष्ट. आमच्या वक्तृत्व मंडळातला सर्वांत तयार मुलगा पेढे घेऊन घरी आला. "सर, मोठ्या कॉलेजात प्रवेश मिळाला!" मी तोंडभर अभिनंदन केले, पेढा मात्र घशाखाली उतरेना. घडवायचे आम्ही आणि फिरत्या ढाली मिळवायच्या दुसऱ्यांनी! त्या रात्री आमचे चिरंजीव गिटारचे एक जुने ध्वनिमुद्रण ऐकत होते. म्हणाले, "बाबा, या गृहस्थांचे तर तिघे असेच गेले."

ते गृहस्थ म्हणजे जॉन मेयॉल. आपण त्यांना मेयॉलबुवा म्हणू. जन्म १९३३ चा, इंग्लंडातल्या मॅकल्सफील्डचा. वडिलांच्या तबकड्या ऐकून कान तयार झाला. कोरियात लष्करी सेवा झाली, विजेवरची पहिली गिटार जपानात घेतली. अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या व्यथेतून जन्मलेले 'ब्लूज' संगीत हाच त्यांचा ध्यास. मँचेस्टरची चित्रकारी सोडून बुवा १९६३ साली, ऐन तिशीत, लंडनला आले. मेळ्याचे नाव 'ब्लूजब्रेकर्स'.

१९६५ मध्ये एरिक क्लॅप्टन मेळ्यात आला. पुढच्या वर्षी दोघांची तबकडी गाजते आहे तोच स्वारी 'क्रीम' हा नवा संच काढायला चालती झाली! त्याच्या जागी पीटर ग्रीन आला. बुवांनी त्याला स्टुडिओतला वेळ भेट दिला. त्या वेळात ग्रीनने एक धून वाजवली, साथीदारांच्या नावांवरून तिला 'फ्लीटवुड मॅक' म्हटले, आणि १९६७ मध्ये त्याच नावाचा स्वतःचा संच थाटला. मग आला अठरा वर्षांचा मिक टेलर. १९६९ मध्ये 'रोलिंग स्टोन्स' गिटारवादक शोधू लागले, तेव्हा टेलरचे नाव सुचवले ते खुद्द बुवांनीच!

आणि बुवा? त्याच वर्षी त्यांनी ड्रमविना वाजवणारा नवा मेळा उभा केला. पुढे ते कॅलिफोर्नियात स्थायिक झाले. १९७९ मध्ये तिथले घर जळाले, रोजनिशांची राख झाली. वाजवणे थांबले नाही. २००३ मध्ये लिव्हरपूलला त्यांच्या सत्तरीचा जलसा झाला, तेव्हा क्लॅप्टन आणि टेलर दोघेही साथीला हजर होते. २२ जुलै २०२४ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी बुवा गेले.

दुसऱ्या दिवशी उरलेला पेढा खाल्ला. गोड लागला. मग पहिल्या वर्षाच्या वर्गात विचारले, "भाषण कोण करणार?" शेवटच्या बाकावरून एक हात भीतभीत वर आला.