संग्रहालयाची वार्षिक वर्गणी : खर्च कीं ठेव ?

वर्षारंभीं घरखर्चाचा अंदाज मांडावयास बसलें असतां वर्गण्यांचें पान बहुधा वादाचें ठरतें. वृत्तपत्र, ग्रंथालय, एखादें मासिक, गणेशोत्सव, या नांवांपुढें आंकडा घालतांना कोणाचा हात अडखळत नाहीं. कारण त्या वर्गण्या वडिलांनीं दिल्या, म्हणून आपणहि देतों. परंतु शहरांतील सुशिक्षित कुटुंबांपुढें अलीकडे एक नवा प्रश्न येऊं लागला आहे. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासारख्या संस्था दाराशीं तिकिटें देतात, तसेच वार्षिक सभासदहि करून घेतात. सून म्हणते, मुलांसाठीं वर्गणी भरूं या. सासरे म्हणतात, वर्षांतून एकदां जावयाचें, त्यास वर्षाची वर्गणी कशाला? दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे. म्हणून हा प्रश्न प्रथम त्रैराशिकावर घासून पाहावा, आणि त्रैराशिक जेथें थांबेल तेथून पुढें विचारास लागावें, हें बरें.

उदाहरणापुरते आंकडे घेऊं. वाचकांनीं आपापल्या संग्रहालयाचे चालू दर घालून तेंच गणित पुन्हां करावें. समजा, मोठ्या माणसाचें तिकीट १५० रुपये व मुलाचें ५० रुपये आहे. आजी-आजोबा आणि दोन नातवंडें गेलीं, तर एका खेपेस ४०० रुपये होतात. कुटुंबाची वार्षिक वर्गणी २००० रुपये असेल, तर पांचव्या खेपेस हिशेब सुटतो व सहाव्या खेपेपासून लाभ सुरू होतो. येथवर कोणाचाहि मतभेद होणार नाहीं.

परंतु या हिशेबांत एक हेत्वाभास दडलेला आहे. सहा खेपा झाल्या, म्हणजे ४०० रुपये वांचले, असें आपण समजतों; पण वर्गणी भरली नसती तर आपण सहा वेळां गेलों असतों काय ? बहुतेक घरें दोन वेळां जातीं. शिवाय तिकीट हा खर्चाचा एकच भाग. उपनगरांतून यावयाचें तर गाडीभाडें व चहा-फराळ मिळून खेपेस आणखी ४०० रुपये सहज लागतात, आणि ते सभासदासहि चुकत नाहींत. आतां पाहा : तिकिटें काढून दोन खेपा केल्या, तर वर्षाचा खर्च १६०० रुपये, सभासद होऊन सहा खेपा केल्या, तर तो ४४०० रुपये. वर्गणीनें खर्च वांचला नाहीं, २८०० रुपयांनीं वाढला. त्या रकमेंत चार खेपा अधिक पदरीं पडल्या. म्हणजे जादा खेप ७०० रुपयांस पडली. वर्गणीवांचून तीच ८०० रुपयांस पडती. तेव्हां "किती वांचतात ?" हा प्रश्नच गौण आहे. खरा प्रश्न असा कीं, तिसरी, चौथी, सहावी खेप तेवढ्या मोलाची आहे काय ?

याचें उत्तर आपण संग्रहालय कशास म्हणतों यावर अवलंबून आहे. कलकत्त्याचें संग्रहालय १८१४ सालीं एशियाटिक सोसायटीच्या आश्रयानें निघालें. बंगाली लोक त्यास जादूघर म्हणतात. उत्तरेकडे अजायबघर हा शब्द रूढ आहे, आणि आपल्याकडे अजबखाना. या सर्व नांवांत आश्चर्य हाच भाव मुख्य आहे. आणि आश्चर्य एकदांच वाटतें. उलट ‘म्यूझियम’ हा मूळ ग्रीक शब्द विद्या व कला यांच्या अधिष्ठात्री देवतांच्या स्थानाचा वाचक आहे. आपण शारदेचें मंदिर म्हणूं. देवळांत कोणी एकदांच जाऊन ‘पाहून झालें’ असें म्हणत नाहीं. ज्यास अजबखाना पाहावयाचा आहे त्यानें तिकीट काढावें. ज्यास शारदामंदिरांत जावयाचें आहे त्यानेंच वर्गणीचा विचार करावा.

मुंबईचेंच उदाहरण घ्या. या इमारतीची कोनशिला १९०५ सालीं बसली, आणि जॉर्ज विटेट या वास्तुशास्त्रज्ञानें विजापूरच्या गोल घुमटाची आठवण देणारा घुमट तिच्यावर चढविला. पहिल्या महायुद्धांत तेथें लष्करी रुग्णालय होतें. संग्रहालय म्हणून तें लोकांस खुलें झालें तें १९२२ च्या जानेवारींत, आणि हल्लींचें नांव त्यास १९९८ मध्यें मिळालें. आंत काय नाहीं ? निमरूदच्या असीरियन राजवाड्यांतील शिलापट आहेत. सिंधमधील मीरपूरखासच्या स्तूपांतील भाजलेल्या मातीच्या मूर्ती आहेत. पशुपक्ष्यांचा विभाग आहे, जेथें पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली १९२६ सालीं मार्गदर्शक व्याख्याते म्हणून नोकरीस लागले. अकबराच्या चित्रशाळेंत सजलेल्या ‘अन्वार-इ-सुहैली’ या फारसी ग्रंथाची सचित्र पोथी याच संग्रहांतली. तिची वंशावळ शोधीत मागें गेलें, तर फारसीवरून अरबी ‘कलीला व दिम्ना’, तेथून पहलवी भाषांतर, आणि शेवटीं आपले करटक व दमनक भेटतात ! विष्णुशर्म्याचें पंचतंत्र इतका प्रवास करून मोगल बादशहाच्या चित्रकारांपुढें येऊन बसलें, ही एक गोष्ट मुलांस नीट सांगावयाची तर एक दुपार पुरत नाहीं. आणि एवढें सर्व एका दिवसांत पाहावयाचें म्हटलें, तर पाय दुखतात आणि डोळे कांहींच पाहात नाहींत.

शाळेंत असतांना मीं मुलांस संग्रहालय दोन प्रकारें दाखविलें. पहिला प्रकार सहलीचा : चाळीस मुलें, तीन तास, सर्व दालनें. दुसऱ्या दिवशीं निबंध लिहावयास सांगितला, तर बहुतेकांच्या निबंधांत पेंढा भरलेला वाघ आणि बाहेर खाल्लेला बटाटेवडा एवढेंच उतरलें. दुसरा प्रकार असा : संस्कृत घेतलेल्या आठ मुलांस एकाच चतुर्भुज विष्णुमूर्तीपुढें बसविलें आणि चार हातांत काय काय आहे तें क्रमानें लिहा, एवढेंच सांगितलें. त्यांतील एकानें विचारलें, "आमच्या देवघरांतल्या मूर्तीच्या या हातांत शंख नाहीं, चक्र आहे; मग चूक कोणाची ?" चूक कोणाचीच नव्हती. शंख, चक्र, गदा व पद्म हीं चार आयुधें चार हातांत जितक्या प्रकारें देतां येतील तितक्या विष्णूच्या मूर्ती शास्त्रानें मानिल्या आहेत. मुलांनीं गणित मांडलें : चार गुणिले तीन गुणिले दोन, म्हणजे चोवीस. क्षणभरानें दुसरा एक मुलगा ओरडला, "म्हणूनच संध्येंत चोवीस नांवें !" केशव, नारायण, माधव हीं नांवें तो मुंजीपासून घोकीत होता. त्यांतील प्रत्येक नांवामागें आयुधांचा एक निश्चित क्रम व एक निराळी मूर्ति आहे, हें त्यास त्या दिवशीं प्रत्यक्ष कळलें. त्या एका तासांत आम्ही एकच मूर्ति पाहिली. तिकीट काढून आलेला गृहस्थ असें करावयास धजत नाहीं. पैसे दिले आहेत, तर सर्व पाहून घ्यावें, असें त्यास वाटतें, आणि तें स्वाभाविकहि आहे. एकच मूर्ति पाहून निर्धास्तपणें घरीं परत जाण्याची मोकळीक हाच वर्गणीचा मुख्य लाभ होय.

परदेशांतील उदाहरणावरूनहि हेंच दिसतें. लंडनचें ब्रिटिश म्यूझियम १७५९ सालीं लोकांस खुलें झालें, आणि त्याच्या कायमच्या संग्रहास आजहि प्रवेशमूल्य नाहीं. तरी तेथें वार्षिक सभासद होणारे लोक आहेतच. कारण विशेष प्रदर्शनांस तिकीट असतें व सभासदांस तें पडत नाहीं. तेथें वर्गणीचा हिशेब दाराच्या तिकिटावर नव्हे, वर्षांत भरणाऱ्या विशेष प्रदर्शनांवर करावा लागतो. मुंबईतहि २०१७ सालीं ब्रिटिश म्यूझियम व दिल्लीचें राष्ट्रीय संग्रहालय यांच्या सहकार्यानें ‘भारत आणि जग’ हें प्रदर्शन भरलें, आणि २०२३ च्या डिसेंबरांत प्राचीन भारत, मिसर, असीरिया, ग्रीस व रोम येथील शिल्पें एकत्र मांडलीं गेलीं. म्हणून वर्गणी भरण्यापूर्वीं नियम नीट वाचावे : विशेष प्रदर्शन तींत धरलें आहे काय, ‘कुटुंब’ या शब्दांत आजी-आजोबा येतात काय, ज्येष्ठांस व विद्यार्थ्यांस तिकिटांत आधींच सवलत असेल, तर वर्गणीचा लाभ उरतो किती, आणि वर्ष भरणा केल्या दिवसापासून मोजतात कीं ठराविक महिन्यापासून.

कांहीं लोक म्हणतात, हिशेब कसला करावयाचा ? संस्थेस मदत होते, एवढें पुरे. हा विचार थोर आहे. पुण्याच्या दिनकर केळकरांनीं, म्हणजे कवि ‘अज्ञातवासी’ यांनीं, गांवोगांव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे असा सुमारें २०,००० वस्तूंचा संग्रह केला, त्यास अकालीं गेलेल्या आपल्या मुलाचें नांव दिलें, आणि तो लोकांच्या स्वाधीन केला. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं १९३८ सालीं डोंगरावर चित्रसंग्रहालय उभारलें. अशांचें ऋण तिकिटानें फिटत नाहीं. तथापि दान आणि बचत यांचीं खातीं निराळीं ठेवावीं. दान करावयाचें तर दान म्हणून करावें. बचतीच्या नांवाखालीं केलेलें दान पुढल्या वर्षीं बंद पडतें, कारण बचत झाली नाहीं असें तेव्हां ध्यानांत येतें. जो सोलापुरास किंवा नाशकास राहतो त्यानें मुंबईची वर्गणी बचत म्हणून भरूं नये. त्यानें आल्यावेळीं तिकीट काढावें, आणि देणगी द्यावयाची तर आपल्याच गांवांतील एखाद्या लहान संग्रहालयास द्यावी. तेथें थोडी रक्कमहि उपयोगीं पडते.

एक गोष्ट मात्र कोणत्याहि त्रैराशिकांत बसत नाहीं. मूल साधारण सातव्या वर्षीं मूर्तीपुढें उभें राहून प्रश्न विचारूं लागतें, आणि चौदाव्या वर्षानंतर तें आपल्याबरोबर येण्यास फारसें राजी नसतें. परीक्षा असतात, मित्र असतात. हीं सात वर्षें. त्यांत वर्षाला एक खेप धरली तर सात दुपारी होतात. सहा धरल्या तर बेचाळीस. आजोबांच्या बाजूनें पाहिलें तर गुडघे जिने चढूं देतील तीं वर्षेंहि मोजकींच. दोन्हीं बाजूंनीं मुदत ठरलेली आहे, आणि ती वाढवून मिळत नाहीं.

तात्पर्य, वर्गणी भरण्याची घाई करूं नये. पहिलें वर्ष तिकिटें काढावीं, आणि एका वहींत प्रत्येक खेपेची तारीख, काय पाहिलें व मुलानें काय विचारलें तें टिपून ठेवावें. वर्षअखेर त्या वहींत दोनच तारखा असतील, तर पुढेंहि तिकीटच बरें. त्यांत कमीपणा नाहीं. चार-पांच तारखा असतील व प्रत्येकीपुढें एखादा प्रश्न लिहिलेला असेल, तर निःशंकपणें सभासद व्हावें. आणि सभासद झाल्यावर एक नियम कटाक्षानें पाळावा : एका खेपेस एकच दालन, आणि मूल कंटाळण्यापूर्वीं परत फिरणें.